पडदा कुठे बांधायचा?

मावळात तारेची वाद्ये गावोगाव आहेत, पडद्याची मात्र शोधावी लागतात. वाघ्या-मुरळीच्या जागरणात तुणतुणे असते, गोंधळात असते, पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराच्या मागेही असते. देहूकडे निघालेल्या दिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते आणि भजनी माणसाच्या घरी खुंटीला एकतारी टांगलेली असते. या सगळ्या वाद्यांची तार एकच काम करते, सा धरून ठेवते. चाल गळ्यातून येते. बोट दाबून तारेचा सूर बदलावा अशी गरजच या वाद्यांना पडली नाही, त्यामुळे दांडीवर पडदे कुठे बसवायचे याचा विचारही तुणतुणे करणाऱ्याला कधी करावा लागला नाही.

याला एक गोंगाटी अपवाद आहे. कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात आगरी-कोळी भाविकांची रीघ लागते तेव्हा, किंवा गणपतीच्या मिरवणुकीत, बेंजो वाजतो. आपल्याकडचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. तो विजेवर चढवलेला बुलबुल तरंग आहे. त्याचा पूर्वज ताइशोगोतो. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तो १९१२ मध्ये तयार केला. टाइपरायटरसारखी कळ दाबली की तिच्याखालची पट्टी तारेवर टेकते आणि सूर निघतो. म्हणजे प्रत्येक कळ हा एक पडदाच. त्या कळा सप्तकाला बारा असतात.

घरी डबा, बांबू आणि एखादी तार घेऊन वाद्य करू पाहणाऱ्याला या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची असते. एकीकडे पडदाच नाही, दुसरीकडे बाराच्या बारा. मधली जागा सात पडद्यांची आहे. या सात पडद्यांच्या दांडीला पुष्कळ लोक शिकाऊ मुलांचे खेळणे समजतात. बारा जमत नाहीत म्हणून सात, असा त्यांचा समज असतो. मला तो पटत नाही. बारा पडदे लावताना फारसे काही ठरवावे लागत नाही. सात लावायचे तर आधी सा कुठे धरायचा, कोणत्या चाली वाजवायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या हे ठरवावे लागते. हे ठरवण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात झालेला आहे.

अगदी जुन्या वीणांना पडदे नव्हते. भाज्याच्या लेण्यात ढोलके वाजवणारी स्त्री आणि तिच्या तालावर नाचणारी दुसरी कोरलेली आहे, ते शिल्प मावळातल्या पुष्कळांनी पाहिलेले असते. त्याच सुमाराच्या सांची-भारहूतच्या शिल्पांत जी वीणा दिसते ती धनुष्यासारखी वाकडी आहे. तिला प्रत्येक सुरासाठी वेगळी तार असायची. नाट्यशास्त्रात बावीस श्रुती दाखवण्यासाठी ध्रुव आणि चल अशा दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे, तोही तारा उतरवून करायचा. तिथे दांडीवर बोट दाबण्याचा संबंध येत नाही.

पडदे ग्रंथात ठळकपणे येतात ते किन्नरी वीणेबरोबर. परंपरा तिचे श्रेय बृहद्देशीकार मतंगाला देते. तिचे तपशीलवार वर्णन मात्र शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात आहे, आणि शार्ङ्गदेव देवगिरीचा, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेला. म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या दौलताबादेत बसून हा माणूस दांडी, भोपळे आणि पडदे यांची मापे लिहीत होता. लहान किन्नरीला तो चौदा पडदे सांगतो. गिधाडाच्या हाडाचे किंवा धातूचे पडदे करून ते मेणाने दांडीवर चिकटवायचे. चौदा हा आकडा महत्त्वाचा आहे. सात सुरांची दोन सप्तके धरली की हिशेब तिथेच येतो. म्हणजे आज परदेशात ज्याला डायटॉनिक मांडणी म्हणून नवशिक्यांना समजावून सांगतात ती सातशे-आठशे वर्षांपूर्वी देवगिरीला शास्त्र म्हणून लिहून ठेवलेली होती.

ही वीणा नुसती पोथीत राहिली नाही. मराठवाड्यात आणि तेलंगणाला लागून असलेल्या जिल्ह्यांत डक्कलवार लोक किंगरी वाजवून मातंग समाजाच्या कुळकथा सांगत आले आहेत. सीमेपलीकडे तेलंगणात त्यांच्याच नात्यातले डक्कली लोक किन्नेरा वाजवतात. तिथल्या दर्शनम् मोगुलय्या यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली ती बारा पायऱ्यांच्या किन्नेऱ्यासाठी. तेलुगूत पडद्याला पायरीच म्हणतात. बांबूची दांडी, खाली भोपळे आणि मेणात बसवलेले पडदे हा सगळा ऐवज रानातून आणि परसातून मिळणारा. राजस्थानात देवनारायणाची फड सांगणारे भोपे जो जंतर वाजवतात त्याचेही पडदे मेणातच बसवलेले असतात. पालघर-नाशिककडची घांगळीदेखील बांबूला दोन भोपळे लावूनच करतात. घरगुती तंतुवाद्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या सिगारच्या खोक्याची गिटार येते. त्याआधी हे सगळे आठवायला हरकत नाही.

मेणाची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. मेण ऊन केले की पडदा हलतो, थंड झाले की बसतो. तंजावरच्या वीणेला सतराव्या शतकात, रघुनाथ नायकाच्या काळात, चोवीस पडदे कायमचे बसले असे मानतात. तेही मेणातच असतात आणि सूर बिघडला की कारागीर ते उचलून पुन्हा बसवतो. म्हणजे जिथे पडदे ‘अचल’ म्हणवतात तिथेही त्यांना हलायची सोय ठेवलेली आहे.

आता मापाकडे वळू. ताण तोच आणि तार तीच ठेवली तर सुराची उंची लांबीच्या उलट जाते. तार निम्मी केली की सूर दुप्पट, म्हणजे तार सा. हे शाळेतल्या भौतिकशास्त्रात येते. पण दांडीवर नेमकी खूण कुठे करायची हे संस्कृतात सरळ कामगाराच्या भाषेत सांगितले ते सतराव्या शतकातल्या अहोबलाने, संगीतपारिजातात. त्याची रीत सुतारालाही जमेल अशी आहे, कारण तिला गणित लागत नाही. दोरी दुमडता आली की पुरे. छत्तीस इंची तार धरू, कारण पुढे पंडित भातखंडे यांनी आपल्या विवेचनात हेच माप वापरले. खुंट्यांकडचा मेरू आणि खालची घोडी यांच्या मधोमध तार सा, म्हणजे घोडीपासून १८ इंच. मेरू आणि तार सा यांच्या मधोमध मध्यम, २७ इंच. पूर्ण तारेचे तीन भाग केले की मेरूकडून पहिल्या भागाच्या शेवटी पंचम, २४ इंच. मेरू आणि पंचम यांच्या मधोमध गांधार, ३० इंच. त्याच अंतराचे तीन भाग करून पहिल्या भागाच्या शेवटी ऋषभ, ३२ इंच. पंचम आणि तार सा यांमधल्या तीन भागांतले दोन ओलांडले की निषाद, २० इंच.

हा गांधार आणि हा निषाद आजच्या भाषेत कोमल आहेत. अहोबलाचे शुद्ध सप्तक आपल्या काफीशी जुळते. म्हणजे त्याच्या मापाने सात पडदे बांधले तर मोकळ्या तारेवर बिलावल येत नाही, काफी येतो. ज्याला लावणी आणि होरीच्या चाली वाजवायच्या आहेत त्याला हे आयतेच आहे. सरगम शिकवणाऱ्या पुस्तकावरून पडदे लावणारा माणूस मात्र गोंधळून जाईल.

धैवतापाशी मात्र गाडी अडते. अहोबलाच्या वचनातून पंचम आणि तार सा यांच्या मध्ये धैवत असे निघते. नेमके मधोमध धरले तर २१ इंच येतात. भातखंड्यांनी तिथे ऋषभ-धैवताचा षड्ज-पंचम संवाद राखला आणि २१⅓ इंच धरले. पाश्चात्त्य शुद्ध सप्तकातला, गांधाराशी गोडीने मिळणारा धैवत घेतला तर २१.६ इंच येतात. तीन धैवत, आणि टोकांमधला फरक अर्ध्या इंचाहून जास्त. असा फरक ऐकायला तयार कान लागत नाही, कोणालाही तो खटकतो.

यातला कोणता खरा? हा प्रश्न तंबोऱ्याशी बसून सुटतो, कागदावर सुटत नाही. मोकळ्या तारेचा सा सतत वाजत असेल तर २१.६ इंचांचा धैवत शांत वाटतो. पण त्याच दांडीवर ऋषभाच्या पडद्याला सा मानून वाजवू गेलो तर हाच धैवत पंचमाच्या जागी येतो आणि चांगलाच उतरलेला निघतो. भातखंड्यांचा धैवत तिथे नेमका जुळतो. म्हणजे दांडीवर सा एकच राहणार की तो फिरवायचा आहे, यावर धैवताचे माप ठरते. सात पडद्यांच्या दांडीचा सगळा पेच या एका पडद्यात दिसतो, म्हणून इथे थोडा वेळ घालवला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाद महाराष्ट्रात चांगलाच पेटला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ई. क्लेमंट्स नावाचा सनदी नोकर त्यांच्या बाजूने उतरला आणि १९१३ मध्ये त्याचेही पुस्तक आले. श्रुती दाखवण्यासाठी खास हार्मोनियम बनवून घेतली गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी प्रात्यक्षिकांना आपला गळा दिला. भातखंडे या सगळ्याच्या विरोधात होते. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय रंगला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली, तो याच वादाचा पुढचा अध्याय म्हणता येईल.

मधल्या काळात मोजणीही झाली. नाझीर जैराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये, आणि मार्क लेव्ही यांनी १९८२ मध्ये, हिंदुस्थानी गायक-वादकांचे सूर यंत्रावर मोजून पाहिले. सूर एका ठरलेल्या बिंदूवर बसत नाहीत, त्याच कलावंताकडून त्याच रागातही ते थोडे हलतात, असे त्यातून दिसले. श्रुतिवाद्यांना हे रुचणारे नव्हते. घरी वाद्य करणाऱ्याला मात्र यातून दिलासा मिळावा, कारण एका मिलिमीटरने काही बिघडत नाही. चार मिलिमीटरने बिघडते.

चार मिलिमीटर हा आकडा मी उगाच घेतला नाही. घरच्या वाद्याला साठ सेंटिमीटर तार सोयीची पडते, कारण तिचे भाग सुटसुटीत येतात. मेरूपासून मोजले तर ऋषभ ६.६७ सेंटिमीटरवर, शुद्ध गांधार १२ वर, मध्यम १५ वर, पंचम २० वर, धैवत २४ वर, शुद्ध निषाद २८ वर आणि तार सा ३० वर. गिटारच्या हिशेबाने, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून, हाच गांधार १२.३८ वर येतो आणि धैवत २४.३२ वर. मध्यम-पंचमात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, तो विसरावा. गांधारात जवळजवळ चार मिलिमीटर आणि धैवतात तीन मिलिमीटरांहून जास्त पडतो. पेटीवर वाढलेल्या कानाला चढा गांधार खटकणार नाही. पण खाली सतत वाजणारी सा-पची तार असेल तर तो जाणवतोच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले त्यामागे इतरही कारणे होती, पण तिचे न हलणारे सूर हा त्यातला एक मोठा मुद्दा होता.

बारा सारख्या भागांची रीत युरोपातही एका झटक्यात आली नाही. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ मध्ये अठराव्या भागाचा नियम छापला. उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा लावायचा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा, असे बारा वेळा. या हिशेबाने साठ सेंटिमीटरच्या तारेवर बारावा पडदा ३० ऐवजी २९.७८ वर पडतो. कागदावर ही चूक आहे. प्रत्यक्षात बोट दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, त्यामुळे चूक बरीचशी भरून निघते. आज अठराऐवजी १७.८१७ ने भागतात आणि ताणाची भरपाई घोडी थोडी मागे सरकवून करतात. घरच्या वाद्यात तारा दांडीपासून उंच राहतात, म्हणून तिथे ही भरपाई जास्तच लागते. ३० सेंटिमीटरवर बोट नुसते टेकवून तार छेडावी, घंटेसारखा सूर निघतो. मग त्याच ठिकाणी पडद्यावर दाबून छेडावी. दुसरा सूर चढा आला तर घोडी मागे न्यावी. याला कोणतेही यंत्र लागत नाही. आणखी एक सावधगिरी म्हणजे प्रत्येक पडद्याचे माप मेरूपासूनच घ्यावे. मागच्या पडद्यापासून मोजत गेले की बारीक चुका साठत जातात आणि तार सापाशी पोचेपर्यंत दांडी बेसूर होते.

सात पडद्यांची मांडणी जगात सर्वांत जास्त टिकली ती अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरात. तिथले डल्सिमर जर्मन स्थलांतरितांच्या शाइटहोल्टवरून आले. मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे. केंटकीच्या जीन रिची यांनी ते विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या श्रोत्यांपर्यंत नेले. पुढे बॉब मॅकनॅली यांच्या स्ट्रमस्टिकने तीच मांडणी उभ्या दांडीवर आणली, आणि खोक्याच्या, डब्याच्या वाद्यांनी ती उचलली. जुन्या डल्सिमरवर पडदे पूर्ण रुंदीचेही नसत. तारेच्या वाकवलेल्या पिना फक्त पहिल्या तारेखाली ठोकलेल्या, बाकीच्या तारा मोकळ्या घुमणाऱ्या. एका तारेवर गाणे आणि उरलेल्यांवर सा-प, म्हणजे आपल्या कानाला अजिबात परके नसलेले वाद्य.

या डल्सिमरची मांडणी आपल्या थाटांच्या भाषेत लिहून पाहिली की गंमत दिसते. गिटारच्या दांडीवरचे दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, दहावा आणि बारावा एवढेच पडदे ठेवले की डल्सिमर तयार होते. मोकळी तार सा धरली तर निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे खमाज. पहिल्या पडद्यावर सा धरला तर आसावरी. तिसऱ्यावर बिलावल, चौथ्यावर काफी, पाचव्यावर भैरवी, सहाव्यावर कल्याण. दुसऱ्या पडद्यावरून निघालो तर पंचमच सापडत नाही, म्हणून ते सोडायचे. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एकाच दांडीवर निघतात. शार्ङ्गदेवाच्या भाषेत याला मूर्च्छना म्हणतात आणि त्याच्या चौदा पडद्यांवर हेच चालत असे. फक्त प्रत्येक वेळी सा बदलला की घुमणाऱ्या तारांचा सूरही बदलावा लागतो. आपल्याकडे गायकाच्या पट्टीला सा बांधून ठेवायची सवय असल्याने ही गोष्ट पुस्तकात वाचायला जितकी गोड वाटते तितकी हातात वापरली जात नाही.

म्हणून माझे मत असे की इथे वाद्य करणाऱ्याने मोकळ्या तारेलाच सा मानावे आणि त्याच्यावर चाली निवडाव्यात. भजन, लावणी, कोळीगीत यांतल्या पुष्कळ चाली खमाज, काफी, बिलावल यांच्या आसपास फिरतात. डल्सिमरवाल्यांच्याही हे लक्षात आले आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी सहाव्या-सातव्याच्या मध्ये एक जास्तीचा पडदा बसवायला सुरुवात केली. त्याला ते साडेसहावा म्हणतात. शुद्ध निषाद मिळाला की खमाजाबरोबर बिलावलही मोकळ्या तारेवर येतो. काही जण दीडवाही लावतात, तो आपला कोमल गांधार, आणि त्याने काफी येतो. साठ सेंटिमीटरच्या तारेवर कोमल गांधार १० सेंटिमीटरवर आणि कोमल निषाद २६.२५ किंवा २६.६७ वर लागेल. दोन्ही निषाद आपापल्या जागी खरे आहेत. पहिला मध्यमाशी जुळतो, दुसरा कोमल गांधाराशी. एक सूतभर हलवून ज्याचा कान जिथे थांबेल तिथे बांधावा.

बांधावा, असेच म्हणतो, ठोकावा असे म्हणत नाही. महाराष्ट्रात पडदे बांधण्याची मोठी परंपरा मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा करता करता तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या. तिथून पुढे मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर गेला. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. सतारीचे पितळी पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, आणि रागाप्रमाणे ते सरकवायचे असतात. घरच्या वाद्यासाठी सायकलच्या स्पोकचे तुकडे आणि गळाची नायलॉन दोरी एवढे पुरते. बांबूची गोल दांडी बांधायला सोयीची असते, चपट्या फळीवर दोरी नीट आवळत नाही. दांडी निवडताना पेरांची जागा आधी पाहून घ्यावी. पेराच्या फुगीर भागावर नेमका पंचम आला तर तो कायम खरखर करतो.

लोणावळ्याच्या पावसाचाही विचार करायला हवा. वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तिथे कातड्याचे तोंड असलेले वाद्य चार महिने रडते. कातडे सैलावते, त्यावर टेकलेली घोडी खाली बसते, तार उतरते. सुरापुरते बोलायचे तर खुंटी पिळून ते सावरता येते. पण घोडी सरकली तर सगळ्या पडद्यांची मापे एकदम चुकतात. तुणतुण्याला याचे काही वाटत नाही, त्याला एकच सूर राखायचा असतो. पडद्याच्या वाद्याला मात्र गोडेतेलाचा पत्र्याचा डबा किंवा पातळ प्लायवूडचे खोके कातड्यापेक्षा बरे. लाकूड फुगते तेव्हा ते प्रामुख्याने आडवे फुगते, लांबीत फार थोडे, त्यामुळे दांडीवरची मापे टिकतात. बांधलेले पडदे मात्र श्रावणात एकदा तपासून घ्यावेत.

घोडी पहिल्यांदा पातळच ठेवावी. सतारीसारखी रुंद, जवारी काढलेली घोडी लावण्याचा मोह होतो, कारण तिचा झंकार भुरळ घालतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंबोरा-वीणेच्या या घोडीवर लिहिले होते. तार तिथे एका कडेवर टेकत नाही, वक्र पृष्ठभागावर लोळते. मग तिची लांबी नेमकी कुठे संपते हे सांगता येत नाही, आणि ज्या मापावर सगळे पडदे अवलंबून आहेत तेच डळमळते. पडदे एकदा कानाला पटले की नंतर जवारीचा प्रयोग खुशाल करावा. मिरजेला जाणे होत नसेल तर लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाऊन शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयातली वाद्ये पाहावीत. पडदा आणि तार यांच्यामध्ये किती अंतर ठेवतात हे पुस्तकापेक्षा काचेतून लवकर कळते.

आता राहिले चार थाट. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी सात पडद्यांच्या दांडीवर कुठूनही सा धरला तरी निघत नाहीत, कारण त्यांच्यात कोमल ऋषभाबरोबर शुद्ध निषाद येतो. भैरवाची चाल हवीच असेल तर कोमल ऋषभाचा पडदा ३.७५ सेंटिमीटरवर आणि कोमल धैवताचा २२.५ वर लागेल. तीव्र मध्यमासाठी १७.३३ वर आणखी एक. एवढे केले की सप्तकाचे बारा पडदे पूर्ण होतात आणि सात पडद्यांची दांडी संपते. पण सतारीकडे पाहावे. तिच्या नेहमीच्या मांडणीत मधल्या सप्तकात कोमल ऋषभाचा आणि कोमल धैवताचा पडदा नसतोच. वादक शेजारचा पडदा सरकवतो, नाही तर साच्या पडद्यावरच तार आडवी ओढून कोमल ऋषभ काढतो. बांबूच्या दांडीवरही तार ओढता येते. फक्त त्यासाठी दांडी थोडी रुंद हवी, तार दांडीच्या कडेला लावून चालणार नाही, आणि स्पोकचा तुकडा तारेच्या दोन्ही बाजूंना बोटभर तरी पुढे आलेला असला पाहिजे.